ओढ्याकाठचा बचनाग

गावाच्या वरच्या अंगाला सूचीपर्णी रान थेट ओढ्यापर्यंत उतरतं, आणि तिथली जमीन भर उन्हाळ्यातसुद्धा ओलीच असते. ऑगस्ट सरत आला की तिथं बचनाग फुलतो. छातीला लागेल एवढा उंच, निळाजांभळा, आणि एकेक फूल म्हणजे कानापर्यंत ओढलेली टोपी. दिसायला इतका देखणा की शहरातून आलेल्या सुना त्याच्यापाशी उभ्या राहून फोटो काढतात, आणि गावच्या बायका त्यांच्या हातावर चापट मारून त्यांना मागं ओढतात. शेळीसुद्धा, जी चपलेचा पट्टा सोडत नाही, ती याला सहसा तोंड लावत नाही.

बुरुलचाला हे सगळं ठाऊक होतं. ती या घरात सून म्हणून आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूनं तिला ओढ्यावर नेऊन ही झाडं दाखवली होती. पोरं झाली की त्यांना आधी हे विष ओळखायला शिकव, पोहायला मागनं शिकव, असं म्हातारी म्हणाली होती. तेव्हा त्या सकाळी बुरुलचानं जे केलं ते अजाणता केलं, असं म्हणायची सोय नाही. तिनं रबरी हातमोजे घातले होते. हातमोजे घालून माणूस अजाणता काही करत नाही.

तिचा नवरा सुयुनबाय जाऊन वर्ष होत आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्षाचं जेवण, ज्याला इकडं आश म्हणतात, ते ठरलं होतं. सगळ्या दऱ्यांतली माणसं यायची होती. आणि त्या जेवणात कापायचा तो त्याचाच घोडा, काश्का. माणूस गेला की त्याच्या घोड्याची आयाळ आणि शेपूट कातरतात, पुन्हा त्याच्यावर खोगीर चढवत नाहीत. वर्षभर तो मोकळा चरतो आणि वर्षाच्या जेवणाला त्याच्यावर सुरी फिरते, म्हणजे धन्याला तिकडं पायी हिंडावं लागत नाही. काश्का वर्षभर असाच हिंडला होता. भुंडी शेपटी, कपाळावर पांढरा पट्टा, आणि चरून चरून पिंप झालेला. रोज सकाळी फाटकाशी येऊन उभा राहायचा आणि बुरुलचाच्या हातून मिठाला लावलेला नानचा तुकडा खायचा. दुसऱ्या कुणी तुकडा पुढं केला तर आधी हुंगायचा, फुरफुरायचा, नखरे करायचा. तिच्या हातचं मात्र न हुंगता खायचा.

मरायच्या आधी सुयुनबायनं तिला जवळ बोलावून सांगितलं होतं, "त्याला कापू नका गं. त्याला म्हातारा होऊन मरू दे." एका हिवाळ्यात खिंडीत पाय मोडून सुयुनबाय बर्फात पडला होता, तेव्हा हा घोडा रात्रभर वारा अडवून त्याच्या अंगावर उभा राहिला होता. तसा घोडा लोकांच्या ताटात घालायचा, हे त्याला सोसवेना. बुरुलचानं मान हलवली. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार?

वसंतात आशचं बोलणं निघालं तेव्हा तिनं धीर करून सगळ्यांसमोर विषय काढला. काश्काच्या जागी दुसरा घोडा घ्या, असं ती म्हणाली. भावकीतले सगळ्यात वडील जाकिपबाबा बसले होते, ते एकदम कडाडले. मेलेल्याचा घोडा मेलेल्यालाच जातो, आजवर या घरात कुणी त्यात हात आखडता घेतला नाही, लोक तोंडात शेण घालतील, वगैरे वगैरे. तिनं धाकट्या दिराकडे पाहिलं. तोलोन त्याचं नाव. पण सून नवऱ्याकडच्या कुणाचं नाव तोंडानं घेत नाही, म्हणून ती आली तेव्हापासून त्याला 'धाकटे'च म्हणायची. हे धाकटे त्या दिवशी खाली मान घालून चहा ढवळत बसले, आणि वडीलधारी म्हणतील तसं, एवढंच बोलून मोकळे झाले. त्या दिवसापासून बुरुलचाच्या मनातून तो उतरला. सख्ख्या भावाच्या घोड्यासाठी ज्याच्या तोंडातून शब्द निघत नाही तो कसला भाऊ?

मग तिनं आपल्या मनाशीच बेत रचला. आजारी जनावर मयताच्या नावानं कापत नाहीत, एवढं तिला पक्कं माहीत होतं. त्यांची एक घोडी एकदा वसंतात बचनागाची कोवळी पानं चघळून आली होती. दिवसभर लाळ गाळत, मान टाकून उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी चांगली खिंकाळली. काश्कालाही तेवढंच होऊ दे. आदल्या दिवशी तो लाळ गाळत उभा दिसला की जाकिपबाबाच म्हणतील, हा नको, दुसरा आणा. एकदा का आश पार पडला की मग त्याला कोण कापतंय?

तर त्या दिवशी उजाडता उजाडता ती ओढ्यावर गेली, पानं कातरून आणली, बारीक केली आणि भिजवलेल्या जवात मीठ घालून कालवली. तेवढ्यावर थांबली असती तर कदाचित निभावलं असतं. पण तिला वाटलं, एवढा दांडगा घोडा, एवढ्याशा पानांनी काय होणार? खात्री व्हावी म्हणून तिनं मुळाचाही एक तुकडा ठेचून त्यात टाकला. खात्रीची ही हाव फार वाईट.

काश्का फाटकाशी आला. तिनं पाटी पुढं धरली. पहिल्या घासाला त्यानं वरचा ओठ वर ओढला, मान झटकली आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. मग त्यानं पुन्हा पाटीत तोंड घातलं आणि तळ चाटून पुसून खाल्ला.

ती घरात येऊन चुलीपाशी बसली. अंगणात आशची गडबड सुरू झाली होती. लोकरीच्या नमद्याचे तंबू उभे राहत होते, बोर्सोक तळायला कढया चढल्या होत्या, बायकांच्या हसण्याखिदळण्यात पिठाचे गोळे कापले जात होते. तिची लेक ऐझादा सात महिन्यांचं पोट सांभाळत सगळ्यांना चहा देत फिरत होती. बुरुलचा कान देऊन बसली होती. कुणीतरी येऊन सांगेल, काश्का गप्प उभा आहे, लाळ गाळतोय. मग आपण तोंडावर रुमालाचं टोक धरायचं आणि म्हणायचं, अगं बाई, असं कसं झालं.

पण ओढ्याकडून आला तो ओरडा. ती धावली. काश्का उभा नव्हता. तो आडवा पडला होता, मान मागं ताठलेली, पाय हवेत झाडत, तोंडाला फेस. डोळा उघडा होता आणि त्यात काही दिसत असेल असं वाटत नव्हतं. हे तिला नको होतं. असं काही होईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

जाकिपबाबा काठी टेकत पुढं आले, घोड्याच्या पोटाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, पोटशूळ आहे, आतडं पिळलंय, हा वाचत नाही. मग त्यांनी एकच गोष्ट सांगितली. सुरी आणा, जीव जायच्या आत. एकदा आपसूक मेला की हराम, मग कुत्र्यासमोर टाकायलाही नाही.

आजारी जनावर कापत नाहीत, एवढंच बुरुलचानं धरून ठेवलं होतं. पण मरायला टेकलेलं जनावर घाईनं कापतात, मांस हातचं जाऊ नये म्हणून, हेही तिला लहानपणापासून माहीत होतं. गाई, मेंढ्या, तिच्या डोळ्यांदेखत किती झाल्या. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती दगड होऊन पाहत राहिली. तोलोन सुरी घेऊन आला. त्यानं बिस्मिल्ला म्हटलं, काश्काच्या डोळ्यांवर एक हात ठेवला आणि दुसऱ्यानं सुरी फिरवली. तो ढसाढसा रडत होता. रड, ती मनात म्हणाली, आता रड, तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतास. आणि मग तिला स्वतःचीच शिसारी आली, कारण सुरी जरी त्याची असली तरी मारणारी ती होती.

कुणीतरी तिला हाताला धरून घरी आणलं. सगळ्यांना वाटलं, बाईला नवऱ्याची आठवण दाटून आली. ती भिंतीला टेकून बसली. कितीतरी वेळ तिला एकच दिसत होतं, तो पहिला घास, ओढलेला ओठ, आणि तिच्याकडे वळलेला तो डोळा. मांसाचा विचार तिला शिवलाही नाही. हे पुढं कुणाला सांगून पटलं नाही, पण खरं तेच होतं.

तोलोनची बायको सोनुन, म्हणजे बुरुलचाची जाऊ, आतडी धुवून ओढ्यावरून परतली. उद्यासाठी त्यांत मांस भरायचं होतं. ती हात झटकत, बोटं चोळत दारात उभी राहिली आणि हसत म्हणाली, "जाऊबाई, आता मी म्हातारी झाले बघा. बोटं झोपलीत माझी. तोंड पुसलं तर ओठालाही मुंग्या आल्या. आणि हा मेला काय चरला होता कोण जाणे, पोटात नुसता हिरवा लगदा."

बुरुलचा ताडकन उठली. बोटं झोपणं, ओठाला मुंग्या. सासूनं सांगितलं होतं, नुसतं हाताळलं तरी बोटं झोपतात, म्हणून हातमोजे. बाहेर कांदा आणि चरबी परतल्याचा वास सुटला होता. कापल्या घोड्याचं काळीज, फुप्फुस, वजडी लगेच परततात, कापणाऱ्यांना आणि राबणाऱ्या बायकांना तिथल्या तिथं वाढतात. त्याला उद्याची वाट बघत नाहीत. तिनं सोनुनला राख आणि गरम पाण्यानं हात धू, तोंड धू, काही खाऊ नकोस, असं घाईघाईत सांगितलं आणि ती अनवाणीच बाहेर पडली. आधी धाकट्यांना गाठायचं, एकट्याला गाठायचं, त्याच्या कानात सांगायचं, म्हणजे तो काहीतरी करील, चार माणसांत बोभाटा होणार नाही. तिचा हा विचार वाईट होता असं मी म्हणणार नाही. घाबरलेलं माणूस आधी अब्रूच सांभाळतं.

तोलोन रस्त्यावर होता. एक ट्रक येऊन थांबला होता आणि मागची फळी उतरवून दोघं एका तांबड्या घोडीला खाली घेत होते. बुरुलचानं त्याची बाही धरली. पण तिच्या आधी तोच बोलला. डोळे सुजले होते, आवाज बसला होता.

"वहिनी, आता सांगायला हरकत नाही. ही काश्काच्या जागी आणली होती. दादानं जाताना माझा हात धरून सांगितलं होतं, त्याला कापू नकोस. आज दुपारीच काश्काला खिंडीपलीकडे आपल्या ऐझादाच्या नवऱ्याच्या कुरणात पोचवणार होतो आणि बाबांना सांगणार होतो, पळाला. मग ही घोडी समोर उभी केली असती तर ते काय करणार होते?" त्यानं बाहीनं नाक पुसलं. "तुम्हाला बोललो नाही. तुमच्या पोटातलं तोंडावर दिसतं, म्हाताऱ्यानं ओळखलं असतं. आणि बघा ना. आजच त्याला पोटशूळ उठायचा होता."

बुरुलचाच्या कानात शीळ वाजायला लागली. त्याचे ओठ हलताना दिसत होते, घोडी खूर आपटताना दिसत होती, आणि आवाज कसलाच येत नव्हता. तिच्या पोटातलं तोंडावर दिसतं म्हणे. सकाळपासून सगळं गाव ते तोंड बघत होतं आणि कुणाला काही दिसलं नव्हतं. तिनं बोलायला तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटून बसली होती. तेवढ्यात तंबूतून हाक आली, जाकिपबाबा खोळंबलेत, गरम आहे तोवर या. तोलोननं तिचा दंड धरला आणि तिला आत नेलं.

जेवणाचा दस्तरखान पसरला होता. मधोमध नानची चवड, भोवती बोर्सोक सांडलेले, आणि दोन परातींत वाफाळणारं परतलेलं मांस. सगळे बसले होते, हात मात्र कुणी घातला नव्हता. घोडा सुयुनबायचा, तेव्हा पहिला घास त्याच्या बायकोचा. जाकिपबाबांनी हात पसरून दुवा मागितली, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. तोलोननं काळजाचा एक चांगला तुकडा चरबीसकट उचलला आणि स्वतःच्या हातानं तिच्या तोंडाशी आणला. असा मानाचा घास नाकारत नाहीत. परातीकडे सरसावलेले हात तिच्यासाठी थांबले होते. त्यांत ऐझादाचाही हात होता.

एक क्षण तिच्या मनात आलं, खाऊन टाकावं. आपलं आपण भोगावं. पण तिनं गिळलं की बाकीचेही गिळणार.

तिनं तोलोनच्या हातावर फटका मारला. तुकडा उडून नमद्यावर पडला. तरीही तिच्या तोंडातून शब्द फुटेना, आणि तिकडं कुणीतरी, बाई भानावर नाही असं पुटपुटत, परातीत हात घातलाच. तेव्हा तिनं दस्तरखानाची कड दोन्ही मुठींत धरली आणि सगळ्या ताकदीनं ओढली. पराती उलटल्या, पियाले फुटले, नान जमिनीवर घरंगळले. अन्नाचा असा अपमान त्या गावात दारुड्यानंसुद्धा कधी केला नव्हता. बायका किंचाळल्या. जाकिपबाबा काठी उगारून उभे राहिले.

"खाऊ नका," ती म्हणाली. आता आवाज फुटला होता आणि थांबत नव्हता. "बचनाग आहे त्यात. मी घातलाय. माझ्या हातानं चारलाय त्याला. आजारी पडला की कापणार नाहीत असं वाटलं होतं मला."

मग ती लेकीकडे वळली आणि तिचे खांदे धरून तिला गदागदा हलवायला लागली. कढईत तू ढवळत होतीस ना, मीठ बघायला चाखलंस का, बोल, चाखलंस का? ऐझादा पांढरीफटक पडली होती. शेवटी कसंबसं म्हणाली, "नाही आई. शिजत असताना वासच सोसत नाही मला हल्ली." बुरुलचा तिथंच मटकन खाली बसली.

तोलोन तिच्याकडे पाहत होता. त्याचा हात अजून तसाच हवेत होता, बोटांना चरबी लागलेली. तो ओरडला असता, त्यानं कानशिलात भडकावली असती, तर तिला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "कुत्री बांधा आधी." आणि फावडं आणायला बाहेर गेला.

काश्काला ओढ्यापासून लांब, खोल खड्ड्यात पुरलं. मांस, आतडी, कातडं, पराती, सगळं. जाकिपबाबा गुडघे टेकून जमिनीवरचे नान गोळा करत राहिले. प्रत्येक नान कपाळाला लावायचे, फुंकर मारायचे, बाजूला ठेवायचे. सोनुनची बोटं संध्याकाळी उशिरा जागी झाली.

दुसऱ्या दिवशी आश झाला. तांबडी घोडी कापली, माणसं दऱ्याखोऱ्यांतून आली, घोड्यांच्या शर्यती लागल्या. पाहुण्यांना पोटशूळ एवढंच सांगितलं होतं, पण अशी गोष्ट का लपून राहते? बुरुलचा मोठ्या तंबूत चहाच्या समोवारापाशी बसली होती. घरधन्याच्या बायकोची जागा तीच, आणि तिथून तिला ऊठ म्हणायला कुणी धजावलं नाही. ती चहा ओतायची, पियाला पुढं सरकवायची. पियाला हातोहात तंबूभर फिरायचा आणि भरलेला तसाच तिच्या पुढ्यात परत यायचा. कुणाला तहान नव्हती. कुणाचा आत्ताच झाला होता. आयुष्यभर जिच्या हातचा चहा प्यायले ती माणसं तिच्याकडे न बघता पियाले पुढं ढकलत होती. तिनं एकही पियाला ओतून टाकला नाही. समोर मांडत गेली. चहा गार होत गेला आणि त्यावर साय धरली.

तोलोन पाहुण्यांना पोचवून आत आला. त्यानं ती पियाल्यांची रांग पाहिली आणि काय ते समजला. येऊन तिच्या अगदी समोर मांडी घालून बसला, आपला रिकामा पियाला पुढं केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घाला वहिनी. घसा सुकलाय."

तिनं ओतला. दूध घातलं. दोन्ही हातांनी त्याला दिला. दिरानं आपली लाज राखली, हे तिला कळत होतं. तोलोननं पियाला ओठांपर्यंत नेला आणि प्यायच्या आधी, नकळत, पापण्या झुकवून एकदा आत पाहिलं. मग त्यानं तो एका दमात संपवला आणि दुसरा मागितला.

बुरुलचानं दुसरा ओतला. त्यानं आत पाहिलं होतं. काश्कानं हुंगूनसुद्धा पाहिलं नव्हतं.